१९९६ ची मिआटा: डिजिटल गेज बसवतानाच्या नोंदी

गाडी: माझदा एमएक्स-५ मिआटा, पहिली पिढी (एनए), १९९६, १.८ लिटर बीपी इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. ठिकाण न्यू जर्सी, घरचं गॅरेज. हत्यारं नेहमीचीच: जॅक, दोन स्टँड, सॉकेटचा संच, मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा पक्कड.

या गाडीला ऑइल प्रेशरचा काटा आहे, मग गेज कशाला, असं कुणीही विचारेल. १९९० ते ९४ च्या गाड्यांत तो काटा खरा दाब दाखवायचा. १९९५ पासून काटा तोच ठेवला, पण इंजिनवर सेन्सरऐवजी साधा स्विच आला. थोडासा दाब आला की काटा मधोमध जाऊन उभा राहतो, मग दाब १५ पीएसआय (दाबाचं एकक) असो की ६०. म्हणजे दिसायला गेज, कामाला दिवा. म्हणून ठरवलं ते असं: ५२ मिलिमीटरचं एकच गोल डिजिटल गेज, त्यात ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान आणि व्होल्टेज. कारखान्याचा काटा चालू राहिला पाहिजे आणि डॅशबोर्डला कुठेही भोक पाडायचं नाही.

१३ एप्रिल, शनिवार. टेबलावर (३ तास)

सामान आलं. गाडीला हात लावण्याआधी सगळं टेबलावर जोडून पाहिलं. नंतर सगळ्यात जास्त वेळ याच तीन तासांनी वाचवला.

प्रेशर सेन्सर तीन वायरींचा आहे: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. ० पीएसआयला ०.५ व्होल्ट, १०० ला ४.५. म्हणजे एका व्होल्टला २५ पीएसआय. टायरला हवा भरायच्या पंपाला जोडून पाहिलं: ३० पीएसआयला १.७० व्होल्ट यायला हवेत, १.७१ आले. ६० ला २.९० हवेत, २.८९ आले. ठीक.

सेन्सरची काळी पिन आणि पितळी अंग यांच्यात मीटर लावून बघा. जोड दिसता कामा नये. काही स्वस्त सेन्सरांत अंगच अर्थला जोडलेलं असतं. तसं असेल तर पुढे १२ मेच्या नोंदीत जे केलंय ते करून काही उपयोग होणार नाही. हा सुटा निघाला.

तापमानाच्या सेन्सरने पहिला झटका दिला. उकळत्या पाण्यात धरला तर गेज ७१ अंश दाखवतंय. सेन्सर ठीक होता. गेजमध्ये आधीपासून भरलेला तक्ता दुसऱ्याच सेन्सरचा होता. हा सेन्सर जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) तक्त्याप्रमाणे चालतो: २० अंशांना ३५२० ओहम, ४० ला १४५९, ६० ला ६६७, ८० ला ३३२, ९० ला २४१, १०० ला १७७. मीटरवर उकळत्या पाण्यात १७९ आले, म्हणजे तक्ता जुळतो. हे सहा आकडे गेजमध्ये हाताने भरले, मग ९९-१०० दाखवू लागलं. (हीच चाचणी पुण्यात करणाऱ्याने ९८ धरावेत. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, पाणी तिथे आधीच उकळतं.) बर्फाच्या पाण्यातही एकदा बघून घ्या. एकाच टोकाला जुळलं म्हणून मधलं जुळेल असं नाही.

१४ एप्रिल, रविवार. व्हेंट (अडीच तास)

एनएच्या डॅशबोर्डवर मधोमध दोन गोल, डोळ्यासारखे फिरणारे हवेचे झरोके आहेत. ५२ मिमीचं गेज त्यातल्या फिरत्या गोळ्यात मावतं. डावीकडचा, म्हणजे ड्रायव्हरकडचा निवडला. गोळा फिरतो, त्यामुळे गेज आपल्याकडे वळवता येतं. ए-पिलरवरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबावरच्या) कपात गेज बसवण्यापेक्षा हे बरं दिसतं असं माझं मत, शिवाय १९९४ पासूनच्या अमेरिकन मिआटांत प्रवाशाच्या बाजूलाही एअरबॅग आहे. तिच्या झाकणावर किंवा वाटेत काहीही चिकटवू नये.

झरोका बाहेर काढताना खाच तुटली. तीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक आणि सकाळचं सात अंशांचं गॅरेज. दुसऱ्या झरोक्याला आधी पाच मिनिटं हेअर ड्रायरची ऊब दिली, दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या सरकवून खाचा दाबल्या आणि सरळ ओढला, अखंड निघाला. तुटलेल्याच्या जागी जुन्या भागांच्या दुकानातून दुसरा आणला, २५ डॉलर.

झरोके निघाले की मागे स्टिरिओच्या चौकटीचे दोन स्क्रू दिसतात. चौकट काढून ठेवा, वायरी ओढायला हात आत जायला हवा. गोळ्यातल्या पट्ट्या कापल्या, कड कानसने घासली, गेजभोवती पातळ फोमची पट्टी गुंडाळून दाबून बसवलं. गोंद लावला नाही.

२० एप्रिल, शनिवार. चुकीचे आटे (४ तास, सगळे वाया)

कारखान्याचा ऑइल स्विच इंजिनच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डखाली, ऑइल फिल्टरच्या शेजारी आहे. वरून हात पोचत नाही. उजवं पुढचं चाक काढून मडगार्डच्या पोकळीतून जावं लागतं. ऑइल काढायची गरज नाही, स्विच काढल्यावर चमचा-दोन चमचे ओघळतं तेवढंच. खाली फडकं धरा.

गेजसोबत पितळी टी (तीन तोंडांचा जोड) मागवली होती, आटे १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे. इंजिनच्या ब्लॉकमध्ये लावली. अडीच फेऱ्यांत घट्ट झाली. चांगली पकड बसली असं वाटलं. टेफ्लॉन टेप गुंडाळून, पाना लावून, एका बाजूला कारखान्याचा स्विच, दुसऱ्या बाजूला नवा सेन्सर. इंजिन गार असताना कोरडं. वीस मिनिटं तापल्यावर ब्लॉकवरून तेलाची रेघ.

कारण: माझदाच्या ब्लॉकमधले आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आहेत, एनपीटी नव्हेत. एनपीटीचे इंचाला २७ आटे आणि कोन ६० अंशांचा. बीएसपीचे २८ आणि ५५ अंश. एनपीटी थोडी जाडही असते. दोन फेऱ्या जाते म्हणून फसायला होतं, पुढे ती बसत नाही, चावते. भारतात नळाच्या फिटिंग बीएसपीच्याच, त्यामुळे प्लंबरकडचं आटे मोजायचं माप लावून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं ते एनपीटी, आणि गेजच्या पेटीतही तेच.

टी काढली. टॉर्च मारून ब्लॉकचे आटे बघितले: पहिल्या दोन आट्यांची धार चपटी झालीय, पुढचे शाबूत. कारखान्याचा स्विच हाताने चार फेऱ्या सहज गेला, तेव्हा जीव भांड्यात पडला. पाना आणखी अर्धी फेरी फिरवला असता तर ब्लॉकला नवे आटे पाडायची वेळ आली असती.

त्या टीमध्ये आणखी दोन खोट होत्या. एक, टेफ्लॉन टेप. तिचे तंतू सुटून तेलाच्या वाटेत जातात, इंजिनवर ती नकोच, पेस्ट वापरा. दुसरी, वजन. ब्लॉकला थेट लावलेल्या पितळी टीवर सेन्सर आणि स्विच दोन्ही लोंबकळत ठेवले तर इंजिनच्या थरथराटाने टी मानेशी तुटते. तुटली की काही सेकंदांत तेल रस्त्यावर. आटे जुळले असते तरी ही रचना ठेवण्यासारखी नव्हती.

२७ एप्रिल, शनिवार. बरोबर आटे (साडेतीन तास)

नवी रचना: ब्लॉकमध्ये १/८ बीएसपीटीतून १/८ एनपीटीत जाणारा स्टीलचा अडॅप्टर, त्याला २४ इंची स्टील-जाळीची नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला टी. टी उजव्या आतल्या मडगार्डच्या भिंतीवर पट्टीने बसवली. स्विच आणि सेन्सर दोन्ही तिथे. आता हलणारी फक्त नळी.

अडॅप्टरला ऑइल चालणारी सीलंट पेस्ट, पहिला आटा कोरडा सोडून. हाताने चार फेऱ्या, मग पान्याने एकच. निमुळते आटे आहेत, जोर लावून गळती थांबत नाही.

इंजिन सुरू केलं, गळती नाही. पण कारखान्याचा काटा शून्यावर. हेही आटे-नळीच्या भानगडीतलंच: कारखान्याच्या स्विचला एकच वायर आहे, अर्थ त्याला ब्लॉकमधून मिळायचा. आता तो रंग दिलेल्या भिंतीवर, मध्ये नळी. जाळी धातूची असली तरी तिच्यावर अर्थसाठी भरवसा ठेवू नका. टीच्या बोल्टला गोल टर्मिनल लावून वायर इंजिनच्या एका बोल्टला नेली. काटा मधोमध आला, त्याचं खोटं काम पुन्हा सुरू.

२८ एप्रिल, रविवार. वीज (३ तास)

या गाडीची बॅटरी डिकीत आहे. १० चा पाना घेऊन आधी निगेटिव्ह काढा.

पहिल्यांदा स्टिरिओच्या मागची अ‍ॅक्सेसरीची वायर घेतली, हाताशी होती म्हणून. चूक. किल्ली स्टार्टवर नेली की अ‍ॅक्सेसरी बंद होते, गेज विझतं, इंजिन लागल्यावर पुन्हा उठतं आणि चार सेकंद आपला लोगो नाचवतं. आता, ऑइलचा दाब बघायचा सगळ्यात महत्त्वाचा क्षण कुठला? गार इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन सेकंद. तेवढेच नेमके दिसत नाहीत.

वीज आतल्या फ्यूजपेटीतून घेतली, ‘मीटर’ लिहिलेला १० अँपिअरचा फ्यूज. तो किल्ली ऑनवर आणि स्टार्टवरही जिवंत राहतो. फ्यूज-टॅप (फ्यूजच्याच खाचेतून दुसरी वायर काढायचा जोड) लावून गेजला वेगळा ३ अँपिअरचा फ्यूज दिला. टॅप उलटा बसवता येतो, आणि उलटा बसवला तरी गेज चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. मूळ फ्यूज काढून मीटरने बघा, दोनपैकी कुठल्या खाचेत वीज येते. टॅपची फ्यूजवाली बाजू तिथे. उलट लावलं तर गेजचा प्रवाहही मूळ फ्यूजमधून जातो आणि त्याच्यावर जादा भार पडतो.

सेन्सरच्या वायरी मुख्य हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे भिंतीतल्या भोकाच्या रबरी बुचातून, आत घेतल्या. ग्रोमेटला सुईने भोक, वायरला साबणाचं पाणी, आणि बाहेरच्या बाजूला एक झोळ, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता खाली टपकेल. वायरींच्या रंगांवर जाऊ नका, तीस वर्षांत मधे कुणी काय जोडलं असेल सांगता येत नाही. प्रत्येक वायर मीटरने तपासा.

सेन्सरचा अर्थ इंजिनच्या बोल्टला जोडला, जवळ होता. हे पुढे महागात पडलं.

पहिले आकडे: बाहेर १६ अंश, सुरू केल्याबरोबर ७१ पीएसआय. पूर्ण तापल्यावर ८५० आरपीएमला २९, ३००० ला ५२. माझदाच्या पुस्तकात १००० आरपीएमला २८ ते ४३ आणि ३००० ला ४३ ते ५७ दिलेत. इंजिन ठणठणीत आहे.

४ मे, शनिवार. पाण्याचं तापमान, चुकीच्या जागी (२ तास)

रेडिएटरच्या वरच्या नळीत ३२ मिमीचा अ‍ॅल्युमिनिअमचा अडॅप्टर घातला. नळी कापायची, मधे अडॅप्टर, दोन क्लिपा. सगळ्यात सोपं काम, म्हणूनच सगळे हेच करतात.

गाडी सुरू केल्यावर सात मिनिटं गेज ३१ अंशांवर, मग अर्ध्या मिनिटात ८२. थर्मोस्टॅट ८८ च्या आसपास उघडतो, तोवर या नळीत पाणी फिरतच नाही. म्हणजे इंजिन तापताना काय चाललंय ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे थर्मोस्टॅट बंद अडकला तर इंजिन उकळेल आणि गेज ‘गार आहे’ म्हणत राहील. ज्या संकटासाठी गेज लावायचं त्याच संकटात ते आंधळं.

सेन्सर दोन वायरींचा घेतला होता ते बरं झालं. एका वायरीचा असता तर अडॅप्टर दोन्हीकडून रबरात, अर्थच मिळाला नसता. तसा सेन्सर असलेल्यांनी अडॅप्टरला वेगळी अर्थची वायर द्यावी.

११ मे, शनिवार. हीटरच्या नळीत (अडीच तास)

इंजिनच्या हेडच्या मागच्या टोकातून हीटरला जाणारी नळी निघते, १६ मिमी. या गाडीत हीटर बंद असला तरी त्यातून पाणी फिरतच राहतं, गरम-गार हवेची झडप फक्त हवा वळवते. शिवाय हेडचं मागचं टोक सगळ्यात गरम. अडॅप्टर तिथे, भिंतीजवळच्या सरळ तुकड्यात.

जागा अडचणीची आहे. स्क्रूच्या क्लिपांची डोकी वर येतील अशी फिरवून मगच घट्ट करा, नाहीतर पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर जाणार नाही. वरच्या नळीत अडॅप्टर काढून नवी नळी घातली नाही, अडॅप्टरला बूच लावून तो तसाच ठेवलाय.

कूलंट साधारण दीड लिटर गेलं. भरताना गाडीचं नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, बुडबुडे थांबेपर्यंत. पहिल्या खेपेला घाई केली, तर गेज ८९ वरून ७४ वर आणि परत, असं उड्या मारायला लागलं. सेन्सरपाशी हवा होती. गार होऊ दिलं, आणखी पाव लिटर मावलं.

आता आकडा पहिल्या मिनिटापासून चढतो. ९० पर्यंत जाऊन स्थिर, गर्दीत ९७ ला पंखा लागतो, ९२ ला बंद.

१२ मे, रविवार. दिवे लावले की दाब पडतो (२ तास)

संध्याकाळी लक्षात आलं: तापलेल्या इंजिनवर, जागेवर उभं असताना २९ पीएसआय. हेडलाइट वर केले, पंखा लागला, आतला ब्लोअर फुल, की २३. सगळं बंद, पुन्हा २९. तेलाला दिव्यांचं काय सोयरसुतक!

आणखी एक खूण: स्टार्टर फिरत असताना, इंजिन लागण्याआधीच, गेज ८ पीएसआय दाखवत होतं.

मीटरचं एक टोक इंजिनच्या बोल्टला, दुसरं गेजच्या अर्थला. भार चालू असताना इंजिनचा अर्थ गेजच्या अर्थपेक्षा ०.२४ व्होल्ट खाली. २५ ने गुणा: ६ पीएसआय. हिशेब तंतोतंत. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर देतो, परतीचा प्रवाह बॉडीतून अर्थपट्टीमार्गे इंजिनकडे जातो, म्हणून इंजिन बॉडीच्या खाली. स्टार्टर फिरताना वीज डिकीतल्या बॅटरीतून येते, प्रवाह उलटा, म्हणून तेव्हा आकडा वर. अशी दोन्ही दिशांना चूक दिसली की सेन्सरवर शंका घेऊ नका, अर्थ बघा.

दोन गोष्टी केल्या. सेन्सरची काळी वायर इंजिनवरून सोडवून थेट गेजच्या काळ्या वायरीला आणली. आता दिवे लावले तरी आकड्यात फरक शून्य. आणि इंजिन-बॉडीची अर्थपट्टी काढून दोन्ही टोकं तारेच्या ब्रशने घासली, हिरवी पूड निघाली. ०.२४ चे ०.०७ व्होल्ट झाले. पट्टी घासायचं काम गेज नसलेल्यांनीही करावं, वीस मिनिटांचं आहे.

१८ मे, शनिवार. ऊन आणि रात्र (दीड तास)

छत उघडलं की दुपारी आकडे दिसत नाहीत. दुकानातल्या फोटोंत हे कुणी दाखवत नाही. गेज गोळ्यात १२ मिमी आत सरकवलं, बाहेरच्या कडेला आतून मॅट काळा रंग दिला आणि गोळा थोडा खाली वळवला. भर दुपारी सूर्य पाठीमागे असेल तर अजूनही अडचण आहे, बाकी वेळी वाचता येतं.

रात्रीच्या मंद उजेडाची वायर आधी डॅशबोर्डच्या डिमरवर होती. डिमर कमी केला की गेजला दिवस की रात्र ते ठरवता येईना, लुकलुकायला लागलं. टेल लाइटच्या वायरीवर हलवली.

मांडणीही बदलली. दाबाचा नुसता आकडा ४७, ४९, ४८ असा सतत नाचतो आणि नजर तिथेच अडकते. दाबाला आडवी पट्टी आणि शेजारी बारीक आकडा, सरासरी अर्ध्या सेकंदाची. पाण्याला नुसता आकडा. इशारे: दाब १२ च्या खाली, पाणी १०५ च्या वर, व्होल्टेज १२.८ च्या खाली.

८ जून, शनिवार. ६४० मैलांनंतर (अर्धा तास)

खर्च, डॉलरमध्ये: गेज १४५, प्रेशर सेन्सर ३२ (तापमानाचा गेजसोबत आला), वाया गेलेली टी ११, अडॅप्टर ९, नळी आणि दुसरी टी ३४, वरच्या नळीचा वाया गेलेला अडॅप्टर १८, हीटरचा १६, फ्यूज-टॅप, वायर, टर्मिनल वगैरे ४१, कूलंट २२, झरोका २५. एकूण ३५३, त्यातले ५४ चुकांचे. वेळ साडेचोवीस तास, पैकी नऊएक तास केलेलं उलटवण्यात. गेज बसवायला अडीच तास लागले, बाकी सगळा वेळ दोन सेन्सरांनी खाल्ला.

अडॅप्टर कोरडा, हीटरच्या क्लिपा पाव फेरी घट्ट कराव्या लागल्या. नळी मात्र इंजिनच्या हार्नेसला टेकत होती आणि वेष्टण घासून आतली वायर दिसायला लागली होती. स्टीलची जाळी म्हणजे कानसच, जिथे टेकेल तिथे कापत जाते. प्लास्टिकचा टाय काढून रबर लावलेली धातूची क्लिप बसवली, नळीवर जुन्या हीटर-नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवला आणि वेष्टणाला नवी कापडी टेप. पुढच्या ऑइल बदलाला चाक निघेल तेव्हा इथे पुन्हा टॉर्च मारायचा आहे.